डब्यातली फ्लॉपी

फ्लॉपीचा जमाना होता. मी धुळ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. एक दिवस पिंपळनेरचे एक मास्तर एसटीने आले. गर्दीत दबू नये म्हणून फ्लॉपी त्यांनी जेवणाच्या डब्यात ठेवली होती.

शाळेचा निकाल बनवणारा प्रोग्राम त्यांनी आमच्याकडूनच नेला होता. मुळात तो चार जणांनी लिहून कोडसकट सगळ्यांना मोकळा दिलेला. वापरा, सुधारा, पुढेही असाच द्या, एवढीच अट. ग्रेस मिळालेल्या पोरांना तो नापास दाखवायचा. मास्तरांनी चूक शोधून दुरुस्त केली होती.

"बठ्ठ्या, सगळ्या शाळांना द्या," ते म्हणाले. "पैसे नकोत."

त्यांनी आमच्या कॉम्प्युटरवरचा तोच प्रोग्राम उघडायला घेतला, तर तो पासवर्ड मागू लागला. चौघांची नावं गायब, जागी क्लासच्या मालकाचं नाव! वर मालक निर्लज्जपणे हसला, "फुकटच्या मालाला कसला आलाय धनी?"

मास्तरांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"चोर कुलूप तोडून चोरी करतो, भाऊ. तुम्ही कुलूप लावून केली."

मालकाचं ते हसू आठवलं की आजही डोकं फिरतं. पण मास्तर हे बोलले ते माझ्याकडे बघून. पासवर्ड मीच टाकला होता.