अमिना खालाचं बोट

अमिना खाला माणसाआधी मटणाला भेटायची. कुणाच्याही हातात पिशवी दिसली की ती उघडून आत बोट दाबायची, बोट हुंगायची आणि मगच म्हणायची, "ये, बस की."

उचगावात आमची भिंतीला भिंत. तिचा नवरा बर्फाच्या कारखान्यात होता, त्यामुळे बकरी ईदचं मटण बर्फात ठेवायची आणि बाहेर काढायची तिला सवय. मी शिरोलीच्या कारखान्यांतलं भंगार घेऊन विकणारा. बंद पडलेल्या एका हॉटेलचा फ्रीज मी मालकाला रडकुंडीला आणून घेतला, तेव्हा गल्ली बघायला लोटली. खाला म्हणाली, "पेटी झ्याक हाय. पण बर्फाशी घासाघीस चालत न्हाय, दत्तू. त्येला सवड द्यावी लागती."

मी हसलो होतो.

त्या वर्षी शालनला, माझ्या बायकोला, मुदतीचा ताप आला. अन्न सुटलं. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "मागतील ते द्या आता." शालननं एकच मागितलं, अळणी. तिखट न घालता हळद-आल्यात उकळलेलं मटणाचं पाणी. नेमकी दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. मार्केट बंद, आणि आई आमच्या चुलीवर मटण चढू देणार नाही. फ्रीजमध्ये कोडोलीहून आणलेल्या बोकडाच्या मटणाचे गोळे दगडासारखे गोठलेले. बर्फ लवकर सुटावा म्हणून रात्रीच मी एक गोळा पातेल्यात घालून न्हाणीतल्या पेटत्या बंबाला टेकवून ठेवला आणि सकाळी खालाकडे नेला.

तिनं बोट दाबलं, हुंगलं. चेहराच उतरला तिचा.

"कुठं ठेवलंतंस हे?"

"बंबापाशी."

"रातभर? वरनं उबून चिकाट झालंय आन् आत अजून बरफ हाय." आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनं ते परसात खड्डा करून पुरलं.

माझं डोकं फिरलं. "म्हातारे, डॉक्टरनं हात टेकल्यात! आता तिला काय बाधणार हाय?"

खाला मातीचे हात धूत म्हणाली, "मरणार म्हणून मी रांधत न्हाय. जगणार म्हणून रांधती. जा, दुसरा गोळा आण. ल्हानगा बघून."

लहान गोळा उरलाच नव्हता. आणला तो तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधला आणि रांजणातल्या गार पाण्यात बुडवला. पाणी बर्फासारखं झालं की ओतायचं, ताजं घ्यायचं. मी कढत पाण्याचा तांब्या घेऊन आलो तर फाडकन हातावर मारलं. मी शिव्या दिल्या, हात जोडले. "खाला, वाट बघत पडलीय ती. अर्धं सुटलं तरी टाक की." ती पाणी बदलत राहिली. मधेच भिंतीपलीकडून शालनचा आवाज यायचा, "झालं का?" आणि खाला ओरडायची, "आलंच गं बाई!"

दिवस कलता मटण सुटलं. खालानं ते चुलीवर चढवलं. आल्याचा वास सुटला, आणि पलीकडून माझ्या आईनं हंबरडा फोडला.

पातेलं तसंच उकळत राहिलं.

त्यानंतर मी खालाशी बोललो नाही. डॉक्टर म्हणाले, त्या पाण्यानं काही फरक पडला नसता. नसेल. पण माझी बायको दोन घोट मागून, ते न मिळता गेली, हे कोण भरून देणार? खाला दारात दिसली की मी तोंड फिरवायचो. ती मात्र गल्लीतल्या बायकांना सांगायची, "दत्तूला बोलू नका काय. त्येला जगायला त्यो राग लागतोय."

आणि तरी माझ्या घरात मटण आदल्या रात्रीच झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरू लागलं. बंबापाशी पुन्हा कधी गेलं नाही.

काही वर्षांनी तिचा थोरला मुलगा रशीद दारात आला. "अम्मीनं अंथरूण धरलंय. अळणी मागतीया. तुझ्या हातची." शहरात कसलासा बंद होता, फ्रीजमध्ये तोच दगड. मी पिशवी गच्च बांधली, गार पाण्यात सोडली. गार झालं की ओतलं, ताजं घेतलं. कढत पाण्याचा बंब चार पावलांवर होता. दर खेपेला कान भिंतीकडे जायचा. आता रडणं ऐकू येतंय की काय! देवाशीसुद्धा भाव केला मी त्या दिवशी. एवढं सुटेपर्यंत तिला राहू दे म्हटलं.

वाटी घेऊन गेलो तेव्हा ती जागी होती. हाडांचा सापळा राहिला होता. तिनं वाटीत बोट बुडवलं, हुंगलं.

"घाई केली न्हाईस."

"न्हाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "दत्तू, त्या दिवशी माझं चुकलं का रं?"

इतकी वर्षं धार लावून ठेवलेलं उत्तर जिभेवर आलं होतं. मी वाटीतला चमचा भरून तिच्या ओठांशी नेला.

"गार होतंय खाला," मी म्हणालो. "पी."

तिनं तोंड उघडलं.