काचेची पट्टी

पार्ल्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत खाली बँकेची शाखा होणार होती. लॉकर, कर्ज, टेलेक्स, सारं एका छताखाली. त्या छतावर आम्ही राहत होतो.

मॅनेजरना ऐसपैस केबिनसाठी मधली भिंत नको होती. ती फोडणारा मालवणी गवंडी हातभर फोडली की धावत वर यायचा. आमच्या भिंतीवरच्या तड्यावर त्याने काचेची पट्टी सिमेंटने बसवली होती. भिंत हलली की आधी काच तुटते. आम्ही जेवतानाही तिच्याकडेच बघायचो.

चौथ्या दिवशी ती तुटली. त्याने खाली जाऊन घण ठेवला.

"अरे, माझी केबिन?" मॅनेजर ओरडले.

"सायबानू, वरती माणसां रवतत. दुसरो गवंडी बघा."

दुसरा आला, त्याने काच बघितली आणि फोडलेली भिंत बांधून गेला.

उद्घाटनाला मॅनेजर म्हणाले, "जुन्या वास्तूचा आम्ही मुद्दाम मान राखला." आम्ही टाळ्या वाजवल्या, वर राहायचं होतं.