येतो म्हणून गेलो

गड्या, ही गोष्ट माझ्या तोंडातनं आजवर बाहेर पडलेली न्हाई. बायकोपुढं न्हाई, देवापुढं न्हाई. देवाला हात जोडतो तवा बाकीचं सगळं सांगतो आन् एवढंच गाळतो — आता बोल, मी कसला माणूस?

मी तळेगाव ढमढेऱ्याचा. सणसवाडीत जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. भाड्याच्या खोल्यांत राहणारी कंपन्यांतली पोरं फोनवर खाणं मागवतात, आन् ते कुणी, कुठनं, कुठल्या रस्त्यानं न्यायचं हे आमच्या फोनमधलं ॲप ठरवतं. आमचा साहेब म्हंजी तेच. त्याला ना तोंड ना कान. उशीर झाला की रेटिंग पाडतं, रेटिंग पडलं की काम देत न्हाई. भांडायचं कुणाशी — फोनशी?

आमच्यात एक मामा हायेत. केंदूरचे, पन्नाशीचे. माझे सख्खे न्हाईत, सगळेच त्यांना मामा म्हणतात. कंपनीतलं कंत्राटाचं काम सुटलं आन् त्यांनी पाठीला ही बॅग लावली. माझी गाडी बंद पडली तर स्वतःची ऑर्डर सोडून किक मारायला येणारा माणूस. हे आधी सांगून ठेवतो, म्हंजी पुढचं ऐकताना तुला माझी कीव यायला नको.

त्या दुपारी ॲपनं मामांना कॅनॉलच्या रस्त्यानं धाडलं. नकाशात तो जवळचा. पण कारखाने चालू होते, वळणावर ट्रॉलीतला ऊस सांडून चाकाखाली चेंगरला होता, रस्ता पार निसरडा झाला होता — ते नकाशाला काय ठाव? मामांची गाडी घसरली, पाय गाडीखाली गेला. जरा वेळानं माझा फोन वाजला. नवी ऑर्डर. उचलायचं ठिकाण हॉटेल न्हाई, कॅनॉलचा रस्ता! हा रायडर हलत न्हाई एवढं मशीनला दिसलं, आन् त्यानं त्याच्या हातातलं पार्सल जवळच्या माणसाला दिलं. तो का हलत न्हाई, ते विचारायचं काम माझ्यावर टाकलं.

मी पोचलो. मामा रस्त्याकडंला गुडघा धरून बसलेले, तोंड पांढरंफटक. पार्सल मात्र मांडीवर, सांडू न देता धरलेलं. पावभाजी होती. "बटर जास्त" असं गिऱ्हाइकानं खास लिहिलेलं. मामांनीच ती माझ्याकडं सरकवली. फोनवर प्रश्न आला — रायडर सुरक्षित आहे का? खाली हो आन् नाही. दाबल्याबिगर पुढचा पत्ता उघडत न्हाई.

सांगतो. सांगतोय रे, जरा दम खा.

"नाही" दाबलं की ऑर्डर थांबते, मग फोन येतो, मग तिथंच थांबावं लागतं, हे आम्हा सगळ्यांना पाठ हाय. आन् त्या आठवड्यात मी गोल्ड होणार होतो. गोल्ड म्हंजी कामाच्या चांगल्या वेळा आधी आपण निवडायच्या आन् नावापुढं एक पिवळी चांदणी. तेवढ्यासाठी मी शेण खाल्लं. मामा समोर कण्हत होते आन् मी अंगठ्यानं "हो" दाबलं. थू! त्याच अंगठ्यानं मी आज भाकरी मोडतो.

निघताना म्हणालो, "येतो मामा." आपल्यात निघताना कुणी जातो म्हणतं का? येतोच म्हणतात. मी पण तसंच म्हणालो, जायचं म्हणून. मामांनी ते खरं धरलं.

मागनं एक जीप आली. जीपवाला म्हणाला, चला, दवाखान्यात सोडतो. मामा म्हणाले, "नगं बाबा, माझा माणूस येतोय." हे मला मामांनीच नंतर सांगितलं — हसत. जीप गेली. तवर मला दुसरी ऑर्डर आली होती. मी ती घेतली. मग अजून एक. ऊन कललं तवा कुणीतरी मामांना टेम्पोत घालून नेलं. डॉक्टर म्हणाला, आधी आणायला पाहिजे होतं. तो गुडघा आता वाकत न्हाई.

दवाखान्यासाठी त्यांनी ॲपवाल्या कंपनीकडं मदत मागितली, तर उत्तर आलं — आमच्या नोंदीत तुम्ही सुरक्षित होता. वर ऑर्डर अर्धवट सोडली म्हणून मामांचा ॲपवरचा आयडी बंद, म्हंजी काम बंद. चहाच्या टपरीवर सगळ्यांनी त्या मशीनला शिव्या घातल्या. सगळ्यात मोठ्यानं कुणी घातल्या? मी. वड्याचं तेल वांग्यावर काढण्यात मी लई पटाईत. मशीन नासकंच हाय, त्यात वाद न्हाई. पण ते "हो" मशीनचं नव्हतं. तवा जरी खरं बोललो असतो तरी मामांना दवाखान्याचे पैसे मिळाले असते. माझा आयडी गेला असता, म्हणून गप बसलो. अजून बसलोय. चांदणी मिळाली, बरं का.

आता मामा तळेगावच्या बाजारात मामींजवळ बसतात, भाजीपुढं पाय लांब करून. परवा गेलो. मामींनी पैसे न घेता मेथीची जुडी पिशवीत घातली. मामा शेजारच्या बाईला म्हणाले, "सगळ्यांत ह्यो एकटा आला होता बघ माझ्याकडं." मला तिथं बसवंना. उठलो आन् तोंडातनं निघून गेलं, "जातो मामा."

मामा चिडले. "आरं येड्या, जातो काय म्हणतूस? येतो म्हणावं."

आन् मी म्हणालो, "येतो."