कारखान्यावरचा भाव

"सात दिवसांत किंमत सारखी करा, नाहीतर गेम काढून टाकू," अशा अर्थाच्या ईमेलचं प्रिंट लावण्या नावाच्या मुलीनं माझ्या टेबलावर ठेवलं. तो तीन वर्षं खपून तिनं एकटीनं बनवलेला कॉम्प्युटर गेम होता. सोबत तिचे वडील होते. त्यांचा चार लूमचा चादरींचा कारखाना आहे. मी सोलापुरात वकिली करते. गेममधलं मला ओ की ठो कळत नाही.

प्रकरण असं. कॉम्प्युटरवरचे गेम बहुतेक लोक एकाच ऑनलाइन स्टोअरवरून घेतात. त्या स्टोअरच्या करारात 'प्राइस पॅरिटी'ची अट होती. म्हणजे हाच गेम दुसरीकडे स्वस्त विकायचा नाही. लावण्यानं तो स्वतःच्या वेबसाइटवर स्वस्त लावला होता. करार वाचला नव्हतास का, असं मी विचारलं. वाचला होता म्हणाली. मग?

उत्तर वडिलांनी दिलं. "मॅडम, कारखान्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानाच्या भावात चादर कोण देतंय? तोंड कुटं दाखवायचं?"

मी वहीत 'कारखान्यावरचा भाव' असं लिहून घेतलं.

लावण्याला स्पर्धा आयोगाकडे तक्रार करायची होती. ही मोनोपॉली आहे, मोडा, असं तिचं म्हणणं. मी तिला आमच्या कोर्टातल्या कॅन्टीनचं उदाहरण दिलं. आवारात एकच कॅन्टीन आहे, हा गुन्हा नाही. चहा पाणचट असतो, हाही दुर्दैवानं गुन्हा नाही. पण वडे पुरवणाऱ्या बाईंना कॅन्टीनवाल्यानं रस्त्यावरही स्वस्त विकू नका म्हणून दम दिला, तर प्रश्न येतो. कारण मग खाणाऱ्यालाही वडा महाग पडतो.

"मग आपली केस हाय की," ती म्हणाली.

होती. मला तर चीडच आली होती. पण निकालाला वर्षं लागतात आणि आमच्याकडे सात दिवस होते. तू स्वतः गेम कुठून घेतेस, असं मी सहज विचारलं.

"तितूनच," ती खाली बघत म्हणाली. "सगळे मित्र तितंच हायत."

मग करार पुन्हा वाचला. अट फक्त किमतीची होती, भेटवस्तूबद्दल चकार शब्द नव्हता. आम्ही वेबसाइटवरची किंमत सारखी केली आणि गेमसोबत वडिलांच्या लूमवरचा एक टॉवेल फुकट ठेवला. स्टोअरला तसं कळवलं. किंमत सारखी आहे, प्रकरण बंद, असं उत्तर आलं.

गेम वाचला. वेबसाइटवर मोजकेच लोक येतात, बाकीचे अजून स्टोअरवरूनच घेतात. तक्रारीचा मसुदा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. परवा एका गिऱ्हाइकानं लिहिलं, गेम बरा आहे, असा टॉवेल आणखी कुठे मिळेल?

वडिलांनी लावण्याला सांगितलं, "लिही, दुसरीकडं कुटंच मिळत न्हाय."

मोनोपॉली खुपते ती बहुधा दुसऱ्याचीच.