झिजलेल्या कव्हरची सीडी

आज मुलीनं सिनेमांची पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांचा वास आला, तशी मी एकदम लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी पोचले. आमच्या घरी नवी सून पहिला सिनेमा निवडते. पेटीभर सीडी, नावं सगळी इंग्रजीत, आणि मी पाचवी पास. मला इंग्रजी वाचता येत नाही, हे आता सगळ्यांना कळणार होतं.

नणंद म्हणाली, "वहिनी, लवकर करा ना."

मी नावं बघणंच सोडलं, आणि जिचं कव्हर हाताळून हाताळून पांढरं पडलं होतं ती काढली.

सासरे हसले, "अगं, ही तर तुझ्या सासूची लाडकी."

मुलगी आता सगळी नावं फडाफडा वाचते, पण कोणता सिनेमा लावायचा तिथंच अडते. मी म्हणते, "सरक, मी काढते."