उन्हात धरून बघायचा फोटो

तुमच्या फोटोला 'छान' म्हणणाऱ्या शेवटच्या माणसानं तो किती वेळ बघितला होता? माझ्या मित्राच्या अप्पांनी हा प्रश्न मला पहिल्याच भेटीत विचारला. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की अख्ख्या नळदुर्गात, हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना धरून, फोटो खरोखर बघणारा हा एकच माणूस आहे. बाकी सगळे मोबाइलवर अंगठा दाखवून पुढं सरकतात.

अप्पांचं कापडाचं दुकान आहे. त्यांचं जुनं गिऱ्हाईक लुगड्याचा रंग ट्यूबलाइटखाली कधीच पसंत करत नाही. घडी रस्त्यावर नेतं, उन्हात उलगडतं आणि मग बोलतं. अप्पांनी ही रीत साऱ्या जगाला लावली आहे. पोराची गुणपत्रिका असो, नाहीतर होणाऱ्या सुनेचा फोटो, सगळं बाहेर उन्हात. सुनेच्या फोटोला पहिली पसंती समोरच्या टपरीवर चहा पीत थांबलेल्या ट्रक ड्रायव्हरांनी दिली, हे माझा मित्र अजून बायकोला सांगू शकलेला नाही. मी बाजारात हिंडून, लोकांच्या नकळत काढलेले कृष्णधवल फोटो त्यांना दाखवायला लागलो, तेव्हा तेही रस्त्यावर गेले. आधी फोटो उलटा धरायचा. "उलट्यात माणूस दिसत न्हाय, नुसतं काळं-पांढरं दिसतं. बघ, पांढरं समदं एका कोपऱ्यात सांडलंय तुझं." मग जुन्या लग्नपत्रिकेचे दोन काटकोनी तुकडे फोटोवर सरकवून चौकट लहान-मोठी करायची. फारच आवडलं तर कानडीत काहीतरी पुटपुटायचं. 'छान' मात्र म्हणायचं नाही. ते आजाऱ्याला म्हणायचं असतं, असं त्यांचं मत. नुसती नावं ठेवणंही त्यांना मंजूर नाही. टपरीवाला एकदा "भंगार हाय फोटो" म्हणाला, तर अप्पांनी त्याला तिथंच धरलं. "कुठं भंगार हाय, बोट ठेवून दाव. दावता येत न्हाय तर चहा टाक."

मी चळवळीतल्या घरातला. अक्षरं गिरवली तीही पत्रकांवर. त्यामुळं माझा कॅमेराही घोषणा द्यायचा. गावातल्या वाचनालयात माझं पहिलं प्रदर्शन ठरलं, तेव्हा मधोमध लावायचा फोटो तयार होता: शेंगा विकणारी एक बाई, डोळे मिटलेले, तोंड उघडं. नाव दिलं होतं 'आक्रोश'. सगळं प्रदर्शन त्या एका फोटोभोवती मांडलं होतं.

अप्पांनी तो उन्हात धरला. बराच वेळ धरला.

"उजेड झकास पकडलाय. गालावरची एक बी सुरकुती सुटली न्हाय. पण कडेला हे कोपर कुणाचं?"

"शेजारीण होती. कापली."

"का रं?"

"आक्रोश एकटीचा उठून दिसतो, अप्पा."

"आस्सं? चल, तिलाच इचारू."

मित्राला गल्ल्यावर बसवून अप्पा फोटो छातीशी धरून थेट बाजारात निघाले. मी मागं. बाईंनी फोटो हातात घेतला, खालचं नाव वाचलं.

"आक्रोश? मी हसत व्हते की. हिनं जावयाची गंमत सांगितली तवा." शेजारची भेंडीवाली पदर तोंडाला लावून पुन्हा हसायला लागली. "आन् ही कुठं हाय ह्यात?"

"कापली म्हणतोय," अप्पा मजेत म्हणाले.

"मग मला बी काप. हिच्याबिगर माझा फोटो लावायचा न्हाय."

प्रदर्शनातला मधला खिळा आता रिकामाच राहणार, असं दिसायला लागलं. मी शेवटचं हत्यार काढलं. "मावशी, पण तुमचे हाल लोकांना दिसायला नकोत का?"

"दाव की. बसायला कट्टा न्हाय, वर सावली न्हाय, आमी दोघी एका छत्रीत बसतो. ते दाव. हसण्याला रडणं म्हनू नगं."

परतताना अप्पा एवढंच म्हणाले, "तुझा राग खरा हाय. त्याला कापू नगं. फोटोला बी कापू नगं."

घरी येऊन मूळ फोटो उघडला. दोघींच्या मधे फाटकी छत्री, एकीच्या हातात भेंडी तशीच अधांतरी, दुसरी डोळे मिटून खिदळतेय, आणि चारी बाजूंनी ऊन. मी वर्षभर लिहिलेल्या कुठल्याही पत्रकापेक्षा तो जास्त बोलत होता. तोच पूर्ण लावला. खाली लिहिलं, 'बाजाराला कट्टा हवा'. त्या दोघी येऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि भेंडीवालीनं जावयाची गंमत वाचनालयातल्या सगळ्यांना पहिल्यापासून सांगितली.

अप्पाही आले. फोटो खिळ्यावरून उतरवून सवयीनं बाहेर घेऊन गेले. नाकाजवळ धरला, लांब धरला, परत जवळ आणला.

"आज ऊन कमी हाय का रं?"

ऐन दुपार होती. मी वर सूर्याकडं बघितलं. तेच हसले. "मोतीबिंदू पिकलाय. दिवाळीनंतर काढायचा म्हनत्यात डॉक्टर. तोवर तू काढत ऱ्हा. मग समदे एकदम भाईर नेऊ."

मी काढतो आहे. छापून गठ्ठा करतो आहे. तोवर तुम्ही एक करा. तुमच्या मोबाइलमध्ये कुणा अनोळखी माणसाचा, त्याच्या नकळत काढलेला फोटो असेलच. तो छापा, ज्याचा आहे त्याच्याकडं घेऊन जा, उन्हात उभे राहा आणि तो काय म्हणतो ते ऐका.