इर्जिकीला आलेलं मंडळ

भोरच्या आमच्या लेखन मंडळाला एक वाईट खोड आहे. आपली कथा आपण वाचायची नाही. दुसऱ्यानं वाचायची आणि लिहिणाऱ्यानं तोंडाला कुलूप लावून ऐकायची. मला शिलाई मशीनवर बसूनही गप्प राहता येत नाही. वेल्ह्याहून निघून, नसरापूरला एसटी बदलून भोरला जायचं, ते काय गप्प बसायला?

माझी पहिलीवहिली कथा वाचायला घेतली एसटीतून रिटायर झालेल्या एका कंडक्टरकाकांनी. सासूच्या चोरून पानशेतच्या रस्त्यावर स्कूटर शिकणाऱ्या सुनेची गोष्ट. काका झकास वाचत होते, पण मी सारखी मधे तोंड घालत होते. म्हणजे ना, ती इथं घाबरलीय. म्हणजे सासू तशी वाईट नाही बरं का. शेवटी मंडळ चालवणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, "हे सगळं सांगायला तू प्रत्येक वाचकाच्या घरी जाणार आहेस का?"

सगळे हसले आणि माझं डोकं फिरलं. कागद तिथंच टाकून मी एसटी पकडली. वाटेत ठरवून टाकलं, बास, आपण आपले ब्लाउज शिवावेत. तसंही कथा अर्ध्यातच अडली होती. सून स्कूटरवरून येते, वळणावर सासू हात करून उभी असते, त्यापुढं काय होतं ते मलाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या बैठकीचा मेसेज आला तेव्हा कळवलं की भातलावणी अडलीय, माणसं मिळत नाहीत, जमणार नाही. माणसं मिळत नव्हती हे खरंच होतं. पण मिळाली असती तरी मी गेले नसते. बाईंचं उत्तर आलं, "मग इर्जिक घाल. आम्ही येतो."

इर्जिक म्हणजे ज्याचं काम अडलंय त्याच्या रानात सगळ्यांनी उतरायचं, मजुरी घ्यायची नाही, घरधन्यानं पोटभर जेवू घालायचं. मला वाटलं, चेष्टा करतायत. तर ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीतून अख्खं मंडळ उतरलं. बाईंनी पदर खोचला, काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि आमच्या शेजारणींबरोबर सगळे भाताच्या खाचरात. काकांची ओळ अशी वाकडी गेली की माझ्या सासूबाई हसून हसून बांधावर बसल्या. मला तर राग कुठं ठेवावा तेच कळेना.

दुपारी बांधावर पंगत बसली. मी भाकरीचा घास तोंडात घातला, तेवढ्यात काकांनी पिशवीतून माझे कागद काढले आणि सुरुवात केली. तोंड भरलेलं, बोलणार काय? कपाळ. सासूबाईंच्या समोर सासूची गोष्ट! मी जमिनीकडं बघत चावत राहिले. सून पहिल्यांदा झुडपात घुसते तिथं शेजारणी खिदळल्या. तिला एकटीला रडू येतं तिथं त्याच भाकरी मोडायच्या थांबल्या. मी काहीसुद्धा समजावलं नव्हतं, तरी त्यांना सगळं कळत होतं. इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते.

वळणावर येऊन काका थांबले.

"थांबलात का?" सासूबाई म्हणाल्या. "म्हातारी बसली का गाडीवर?"

"ते तुमच्या सूनबाईंना विचारा, अक्का."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घास गिळला आणि म्हटलं, अजून लिहायचंय.

"मग हात धू आन् लिही," सासूबाई उठत म्हणाल्या. "तुझ्या वाटचं आमी लावतो."

त्या खरंच चिखलात उतरल्या, त्यांच्या मागोमाग सगळे. मी बांधावर मोबाईल घेऊन बसले. भराभर सुचत होतं, बोटं पुरेनात. खाली वाकलेल्या बायका मधूनमधून विचारत होत्या, बसली का गं?

"बसतीय," मी वर न बघता म्हटलं. "पदर तर खोचू द्या तिला."